घरी टॉफी-गोळ्या करायला शिकताना: पाक, तापमान आणि पहिल्या चार पाककृती

पहिल्यांदा कॅरॅमल करायला घेतलं तेव्हा उकळता पाक मी मन लावून ढवळत राहिले आणि शेवटी पातेल्यात ओल्या वाळूसारखा पांढरा, रवाळ गोळा उरला. दुसऱ्या वेळी ढवळलं नाही, पण फोन वाजला म्हणून दोन मिनिटं बाजूला गेले. परत आले तेव्हा स्वयंपाकघरात धूर होता. तिसऱ्या वेळी सगळं जमलं, वड्या छान पडल्या, डब्यात भरल्या. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर सगळ्या वड्यांचा मिळून एकच चिकट गठ्ठा झालेला.

तिन्ही वेळा पाककृती तीच होती आणि बिघडण्याचं कारण दर वेळी वेगळं होतं. पाककृतीत मात्र ‘पाक घट्ट होईपर्यंत उकळा’ यापलीकडे काही नव्हतं. पाक घट्ट का होतो, किती घट्ट म्हणजे पुरे, ढवळायचं कधी थांबवायचं, हे मला साखर वाया घालवून कळलं. तुमची साखर वाचावी म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. पायऱ्या याच क्रमाने घ्या. मधली गाळून थेट कॅरॅमलकडे जाण्याचा मोह होईल, तो आवरा.

## १. आधी पाण्याचा हिशोब समजून घ्या

साखर आणि पाणी उकळायला ठेवलं की पाणी वाफ होऊन उडत राहतं आणि पाक दाट होतो. पाक जितका दाट, तितका तो वरच्या तापमानाला उकळतो. म्हणजे थर्मामीटरवरचा आकडा तुम्हाला खरं तर पाकात पाणी किती उरलंय ते सांगत असतो. ११५ अंश सेल्सियसला पाकात साधारण ८५ टक्के साखर आणि १५ टक्के पाणी असतं. १५० अंशांना पाणी जेमतेम एखादा टक्का उरतं. मऊ फज (साखर, क्रीम आणि लोणी आटवून केलेली मऊ वडी) आणि काचेसारखी कडक गोळी यांत मुख्य फरक आहे तो एवढ्या पाण्याचा.

पाकाच्या पायऱ्या अशा. थर्मामीटर नसेल तर वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून त्या ओळखता येतात:

- १०६ ते ११२ अंश: तार. चमच्यावरून सोडलेला पाक पाण्यात धाग्यासारखा पसरतो, त्याची गोळी होत नाही.
- ११२ ते ११६: मऊ गोळी. पाण्यात गोळी वळते, बाहेर काढली की बोटांवर चपटी होते. फज याच टप्प्यावर उतरवतात.
- ११८ ते १२१: घट्ट गोळी. आकार टिकतो, पण दाबली की दबते. मऊ कॅरॅमल इथलं.
- १२१ ते १३०: कडक गोळी. दाबायला जोर लागतो. नूगा या सुकामेव्याच्या मिठाईसाठी पाक इथवर नेतात.
- १३२ ते १४३: पाण्यात कडक धागे होतात. ते आधी थोडे वाकतात, मग तुटतात.
- १४६ ते १५४: धागे काचेसारखे कट्कन मोडतात. कडक गोळ्या आणि लॉलीपॉप यांचा हा टप्पा.
- १६० च्या पुढे: पाक पिवळसर होऊ लागतो. १७० च्या आसपास मधासारखा गडद सोनेरी, १८० ला तांबूस आणि कडवटपणाकडे झुकलेला. त्यापुढे जळतोच.

हा तक्ता कागदावर लिहून ओट्यासमोर चिकटवा. माझा अजून तिथेच आहे.

एक सापळा इथेच सांगते. १०३ ते ११० या टप्प्यात आकडा जागचा हलत नाही असं वाटतं. पाणी अजून भरपूर असतं आणि ते उडायला वेळ लागतो. नवशिक्या माणसाचा हात अशा वेळी हमखास गॅसच्या बटणाकडे जातो आणि आच वाढते. पुढे मात्र पाणी कमी होत गेलं की आकडा भराभर चढतो आणि वाढवलेल्या आचेवर पाक हातातून निसटतो. आच मध्यमच ठेवा. १४० च्या पुढे ती आणखी कमी करा आणि पातेल्यापासून हलू नका.

## २. सामान जमवून ठेवा

पाक तयार झाला की तो तुमच्यासाठी थांबत नाही. त्यामुळे खालचं सगळं गॅस पेटवायच्या आधी ओट्यावर हवं:

- जाड बुडाचं, खोल पातेलं. पाक आणि विशेषतः दूध-क्रीम घातलेलं मिश्रण फुगून तिप्पट होतं. आतून उजळ रंगाचं स्टीलचं पातेलं उत्तम, कारण काळ्या नॉनस्टिक पातेल्यात पाकाचा रंग दिसत नाही.
- २०० अंशांपर्यंत मोजणारा स्वयंपाकाचा थर्मामीटर. तापासाठी वापरतात तो इथे चालत नाही.
- डिजिटल वजनकाटा. वाटीच्या मापाने साखर घेतली तर ती दर वेळी थोडी कमी-जास्त होते आणि मग काय चुकलं ते शोधता येत नाही.
- लाकडी किंवा उष्णता सोसणारा सिलिकॉनचा कालथा. साधा प्लास्टिकचा वितळतो.
- पातेल्याच्या कडा पुसायला सिलिकॉनचा किंवा नैसर्गिक केसांचा ब्रश आणि वाटीभर पाणी.
- ओव्हनमध्ये चालणारा बटर पेपर किंवा सिलिकॉनचे साचे. मेणकागद घेऊ नका. त्याचं मेण गरम पाकाने वितळतं आणि कागद वडीला चिकटून बसतो.
- कोरडा जाड टॉवेल किंवा ओव्हनचे हातमोजे.
- परातभर गार पाणी.

साहित्यात पांढरी, स्वच्छ, दाणेदार साखर घ्या. त्यासोबत ग्लुकोज सिरप, बिनमिठाचं लोणी, क्रीम, मीठ, सायट्रिक आम्ल, आणि आवडीचा अर्क व खाण्याचा रंग. क्रीममध्ये फॅट किमान ३० टक्के असेल तर बरं, कमी फॅटचं क्रीम उकळत्या पाकात फाटण्याची शक्यता जास्त. ग्लुकोज सिरप केकच्या सामानाच्या दुकानात मिळतं. ते नाही मिळालं म्हणून अडू नका, लिंबाचा रसही चालतो. तो का, हे सहाव्या पायरीत.

## ३. थर्मामीटर खरं बोलतोय का ते पाहा

नवा असला तरी तपासा. पातेल्यात पाणी खळखळ उकळा, थर्मामीटरचं टोक बुडाला न टेकवता पाण्यात धरा आणि आकडा स्थिर झाला की वाचा. समुद्रसपाटीला तो १०० हवा. समजा ९७ दिसला, तर या लेखातल्या प्रत्येक तापमानातून ३ वजा करा.

यात दोन चुका एकदम दुरुस्त होतात. एक थर्मामीटरची स्वतःची, दुसरी उंचीची. जमीन जितकी उंच तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण १ अंश या हिशोबाने. डोंगराळ भागात राहणाऱ्याने पुस्तकातला आकडा जसाच्या तसा पाळला तर पाक त्याच्या नकळत जास्त आटतो आणि मऊ व्हायचं कॅरॅमल दात दुखवणारं होतं.

मोजताना टोक पाकात पूर्ण बुडालेलं हवं आणि पातेल्याच्या बुडाला टेकलेलं नको. म्हणूनच फार थोड्या साखरेचा घाणा करू नका. २०० ग्रॅमच्या खाली पाक उथळ होतो आणि आकडा फसवतो. तसंच पहिल्याच वेळी प्रमाण दुप्पटही करू नका. मोठा घाणा आटायला फार वेळ घेतो आणि तोवर पाकाचा रंग बदलतो.

## ४. भाजण्याची भीती योग्यच आहे, तयारी ठेवा

उकळतं पाणी हातावर पडलं तर ओघळून जातं. १५० अंशांचा पाक कातडीला चिकटतो आणि चिकटलेल्या जागी भाजत राहतो. म्हणून पाक चालू असताना लहान मुलं आणि पाळीव प्राणी स्वयंपाकघराबाहेर. बाह्या लांब, पायात बंद चप्पल, पातेल्याचा दांडा आतल्या बाजूला. चव घ्यायला पातेल्यात बोट किंवा चमचा कधीच नाही. थेंब आधी गार पाण्यात किंवा गार ताटलीवर टाका.

तरी पाक अंगावर पडलाच तर ती जागा ताबडतोब परातीतल्या गार पाण्यात बुडवा, मग वाहत्या नळाखाली २० मिनिटं धरा. बोटातली अंगठी लगेच काढा. चिकटलेली साखर ओढून काढू नका, कातडी सोबत येते. बर्फ, लोणी, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. फोड मोठा असेल किंवा चेहरा, डोळा, तळहात भाजला असेल तर थेट डॉक्टरांकडे.

## ५. पहिला प्रयोग खडीसाखरेचा करा

कॅरॅमलच्या आधी खडीसाखर कशाला, असं वाटेल. पाक बिघडवणारा जो स्फटिक, तो इथे तुम्ही मुद्दाम वाढवता. तो कसा वाढतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे त्याला अडवणं सोपं जातं. शिवाय कँडी हा शब्द मुळात संस्कृत ‘खण्ड’ म्हणजे तुकडा यावरूनच फारसी, अरबी आणि फ्रेंचमार्गे फिरत गेलेला आहे, तेव्हा सुरुवात खड्यापासून केलेली चांगलीच.

२० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते. उकळत्या पाण्यात ४८० ग्रॅमहून जास्त. गरम पाण्यात भरपूर साखर विरघळवून ते थंड होऊ दिलं की जास्तीची साखर पाण्यात मावेनाशी होते आणि बसायला जागा शोधू लागते. ती जागा आपण द्यायची.

१. दोन-तीन लाकडी काड्या ओल्या करा, साखरेत घोळवा आणि पूर्ण सुकू द्या, शक्यतो रात्रभर. ओल्याच बुडवल्या तर काडीवरचे, बियाण्याचं काम करणारे दाणे पाकात विरघळून जातात आणि आठवडाभर काहीच घडत नाही.
२. २५० मिली पाण्यात ६५० ग्रॅम साखर मंद आचेवर विरघळवा. एकही दाणा दिसेनासा झाला की एक उकळी आणून गॅस बंद करा.
३. पाक कोमट झाला की स्वच्छ काचेच्या बरणीत ओता. कढत पाकाने बरणी तडकू शकते.
४. काडी चिमट्याला अडकवून मधोमध टांगा, बुडाला किंवा कडेला टेकू देऊ नका. वर पातळ कापड बांधा.
५. बरणी हलणार नाही अशा जागी पाच ते सात दिवस ठेवा. वर साय धरल्यासारखा साखरेचा थर आला तर तो हलक्या हाताने फोडून काढा.

मुलांना यात जरूर घ्या, गरम पाक ओतण्याचं काम तेवढं मोठ्यांनी करायचं. रोज सकाळी बरणीशी जाऊन खडे केवढे झाले ते बघण्यात जी मजा आहे ती तयार खडीसाखर खाण्यातही नाही.

## ६. साखरेला रवाळ होऊ न देणं

घरी केलेल्या टॉफीत सर्वांत जास्त वेळा चुकतं ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साखरेचे रेणू एकसारखे असतात आणि जागा मिळाली की ते विटांसारखे एकमेकांवर रचले जातात. पाक दाट झाला की त्यांना फक्त एक सुरुवात हवी असते. पातेल्याच्या कडेला चिकटलेला, न विरघळलेला एक दाणा पाकात पडला, किंवा दाट पाक कालथ्याने घुसळला गेला, की रचना सुरू होते आणि बघता बघता सगळा पाक पांढरा पडतो. माझ्या पहिल्या कॅरॅमलचं हेच झालं होतं. मी काळजी म्हणून जे ढवळत होते, त्यानेच ते बिघडत होतं.

यावर दोन बाजूंनी उपाय करायचा. पहिली बाजू हाताची:

- साखर विरघळेपर्यंत आच मंद ठेवा आणि तोवर खुशाल ढवळा. उकळी यायच्या आत चमच्याच्या पाठीवर एकही दाणा दिसता कामा नये.
- उकळी आली की कालथा बाहेर. लागलंच तर पातेलं दांड्याने हलकेच गोल फिरवा.
- ओल्या ब्रशने पातेल्याच्या कडा वरून खाली पुसा. नाहीतर उकळी आल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवा, झाकणाखालची वाफ कडांवरचे दाणे आपोआप धुऊन खाली आणते. मला ही दुसरी रीत जास्त भरवशाची वाटते.
- थर्मामीटर किंवा चमचा बाहेर काढला तर धुऊनच परत घाला.
- पाक ओतताना पातेलं खरवडू नका. जे आपोआप येईल ते घ्या, कडेचं सोडून द्या.

दुसरी बाजू साहित्याची. विटांच्या ढिगात वेगळ्या आकाराचे दगड मिसळले तर भिंत नीट रचता येत नाही. ग्लुकोज सिरप पाकात तेच काम करतं, म्हणून साखरेच्या पाव ते निम्म्या वजनाएवढं ते घालतात. आपली साखर म्हणजे सुक्रोज. तिचा एक रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या जोडीने बनलेला असतो. लिंबाचा रस घालून उकळलं की आम्लामुळे काही जोड्या सुटतात आणि तेच अडथळे पाकात आपोआप तयार होतात. २५० ग्रॅम साखरेला अर्धा छोटा चमचा रस पुरतो. हात सैल सोडू नका. आम्ल जास्त झालं तर गोळी हवेतलं पाणी ओढून चिकट होते.

## ७. कडक गोळ्या

लागेल: ३०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम ग्लुकोज सिरप, १०० मिली पाणी, अर्धा छोटा चमचा बारीक सायट्रिक आम्ल, अर्काचे काही थेंब, चिमूटभर रंग.

साखर, सिरप आणि पाणी सहाव्या पायरीतल्या रीतीने विरघळवून उकळा. १४७–१४८ दिसताच गॅस बंद करा आणि पातेल्याचं बूड क्षणभर गार पाण्याला टेकवा. जाड पातेल्यात साठलेली उष्णता गॅस बंद झाल्यावरही पाकाला दोन-तीन अंश वर नेते. बुडबुडे शमले की मगच अर्क, रंग आणि आम्ल घाला. कढत असताना घातलेला अर्क वाफेबरोबर उडून जातो. सगळ्या खोलीला वास येतो आणि गोळीला चव उरत नाही. आम्लही उकळताना घातलं तर साखर फोडत बसतं, म्हणून ते शेवटीच.

दोन-तीन वेळाच ढवळा आणि तेलाचा हात लावलेल्या साच्यांत ओता. साचे नसतील तर बटर पेपरवर चमच्याने ठिपके सोडा, तेही सुंदर दिसतात. पूर्ण गार झाल्यावर पिठीसाखरेत घोळवा आणि लगेच हवाबंद बरणीत भरा.

पावसाळी, दमट हवेत कडक गोळ्या करू नका, असं मी स्पष्टच सांगेन. कोरडी साखर आणि काचेसारखी साखर यांत फरक असतो. गोळीतली साखर हवेतला ओलावा ओढून घेते आणि तासाभरात तिचा पृष्ठभाग पाघळू लागतो. अशा दिवशी फज करा.

याच पाकातून एक झटपट गंमतही होते. १५० अंशांना गॅस बंद करून ३०० ग्रॅम साखरेला तीन सपाट छोटे चमचे खाण्याचा सोडा चाळून घाला आणि चार-पाच वेळा फिरवून लगेच बटर पेपरवर ओता. सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, पाक फसफसून वर येतो आणि तसाच घट्ट होतो. आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडते. ओतल्यावर त्याला हात लावू नका, नाहीतर फुगलेलं खाली बसतं. यात अर्क आणि आम्ल नको.

## ८. मऊ कॅरॅमल

माझा सगळ्यात आवडता पदार्थ. जमायला मला सर्वांत जास्त वेळ लागला तोही हाच.

लागेल: २०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम ग्लुकोज सिरप, ५० मिली पाणी, २०० मिली क्रीम, ६० ग्रॅम लोणी, अर्धा छोटा चमचा मीठ.

क्रीम वेगळ्या भांड्यात वाफ येईपर्यंत गरम करून ठेवा. फ्रिजमधलं गार क्रीम तापलेल्या पाकात घातलं तर पाकाचे दगड होतात आणि मिश्रण उसळून अंगावर येतं.

साखर, सिरप, पाणी विरघळवून उकळा. यावेळी १५० ला थांबायचं नाही. १६० ला कडेने पिवळसर छटा दिसेल, मग रंग झपाट्याने बदलेल. इथे आकड्याइतकाच डोळ्यांवर आणि नाकावर विश्वास ठेवा. पांढऱ्या ताटलीवर थेंब टाकून पाहा. गडद मधाचा रंग आणि भाजलेल्या साखरेचा गोड, किंचित कडसर वास आला की गॅस बंद. धूर दिसला म्हणजे उशीर झाला. भीतीपोटी फार लवकर उतरवलेलं कॅरॅमल नुसतं गोड लागतं, त्याला खोली येत नाही. पहिले काही घाणे माझे तसेच फिकट व्हायचे.

आता गरम क्रीम तीन भागांत घाला, लांब दांड्याच्या कालथ्याने ढवळत. प्रत्येक वेळी पाक जोरात उसळेल, चेहरा मागे ठेवा. तळाशी साखर घट्ट बसली तर घाबरू नका, मंद आचेवर ती परत विरघळते. लोणी आणि मीठ घाला, गॅस पुन्हा लावा आणि मिश्रण हळूहळू ढवळत ११९ अंशांपर्यंत न्या. आता ढवळायला हरकत नाही, उलट ढवळलंच पाहिजे. क्रीममधलं फॅट आणि प्रथिनं स्फटिकांना आडवी येतात, आणि न ढवळलं तर दूध तळाला लागतं.

या टप्प्यात रंग आणखी गडद होतो. दुधातली प्रथिनं आणि साखर यांच्यात उष्णतेने होणारी ही वेगळी क्रिया. लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं आणि ती त्याच्या नावाने ओळखली जाते. पावाच्या खमंग सालीचा वासही याच क्रियेचा. नुसत्या साखरेचं कॅरॅमल आणि क्रीमचं कॅरॅमल यांच्या चवीत एवढा फरक पडतो तो यामुळे.

११७ ला उतरवलं तर वडी मऊ, जिभेवर विरघळणारी होते. १२१ ला चिवट, चघळायची. तुम्हाला कशी आवडते ते दोन-तीन घाण्यांत कळेल. मिळालेला आकडा वहीत लिहून ठेवा. बटर पेपर घातलेल्या २० सेंटिमीटर चौकोनी साच्यात ओता, चार-पाच तास हलवू नका. सुरीला तेल लावून कापा आणि प्रत्येक वडी लगेच कागदात गुंडाळा. माझा जो एकच गठ्ठा झाला होता, तो ही शेवटची पायरी उद्यावर टाकल्यामुळे.

## ९. फज

लागेल: ४०० ग्रॅम साखर, २५० मिली क्रीम, ५० ग्रॅम लोणी, ५० ग्रॅम ग्लुकोज सिरप, चिमूटभर मीठ, व्हॅनिला.

आतापर्यंत आपण स्फटिक टाळत आलो. फजमध्ये ते हवे असतात, पण इतके बारीक की जिभेला कळू नयेत. व्हॅनिला सोडून सगळं एकत्र विरघळवून ११४ अंशांपर्यंत शिजवा, गॅस बंद करा आणि पातेल्याला अजिबात हात न लावता ते ४५ ते ५० अंशांपर्यंत निवू द्या. तासभर तरी लागतो. हा तास सोसवत नाही, आणि बहुतेकांचं फज इथेच फसतं. गरम असतानाच घोटलं तर थोडेच स्फटिक तयार होतात आणि तेच मोठे होत जातात, फज दाताखाली रवाळ लागतं. निवल्यावर घोटलं तर एकाच वेळी असंख्य बारीक स्फटिक होतात.

निवल्यावर व्हॅनिला घालून लाकडी कालथ्याने घोटायला लागा. दहा-पंधरा मिनिटं हात भरून येईल. आधी मिश्रण चकचकीत असतं, मग जड होतं, आणि एका क्षणी चकाकी जाऊन मंद दिसू लागतं. त्याच क्षणी साच्यात ओता. आणखी अर्धा मिनिट घोटत राहिलात तर ते पातेल्यातच घट्ट होईल.

## १०. बिघडलं तर टाकून देऊ नका

पाक रवाळ झाला, पण रंग आलेला नाही: ५०–१०० मिली पाणी घालून मंद आचेवर पूर्ण विरघळवा आणि पहिल्यापासून उकळा. कॅरॅमल फार कडक झालं: तुकडे करून दोन-तीन चमचे पाणी किंवा क्रीम घालून वितळवा, तापमान दोन अंश कमी ठेवा. फार मऊ राहिलं: पुन्हा गरम करून दोन अंश वर न्या. फज रवाळ झालं: थोडं क्रीम घालून वितळवा, परत ११४, परत निववा.

कॅरॅमलवर लोण्याचं तेल सुटलं तर बहुधा आच जास्त होती. चमचाभर गरम पाणी घालून मंद आचेवर जोरात फेटा, बहुतेकदा ते एकजीव होतं. फक्त जळलेल्या पाकाला उपाय नाही. त्यात क्रीम घालून ते वाया घालवू नका.

पातेलं घासत बसू नका. पाणी भरून त्यातच चमचे टाका आणि उकळी आणा, सगळं सुटतं.

## ११. ठेवणं आणि खाणं

कडक गोळ्या हवाबंद बरणीत, कोरड्या जागी महिना-दोन महिने राहतात. कागदात गुंडाळलेलं कॅरॅमल दोन-तीन आठवडे, फज साधारण दोन आठवडे. कडक गोळ्या फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं आणि त्या पाघळतात. वेगवेगळे प्रकार एकाच डब्यातही नकोत. कॅरॅमलमधला ओलावा गोळ्या ओढून घेतात आणि दोन्ही बिघडतात.

चार वर्षांखालच्या मुलांना कडक गोळी देऊ नका, घशात अडकण्याचा धोका खरा आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीही नको. बाकीच्यांसाठी, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदार्थांत घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी. जमल्यास ५ टक्क्यांच्या, म्हणजे प्रौढांसाठी साधारण २५ ग्रॅमच्या आत. वरच्या प्रमाणाने केलेल्या कॅरॅमलच्या १० ग्रॅमच्या एका वडीत सहा ग्रॅमच्या आसपास साखर येते. मी वड्या लहान कापते आणि जेवणानंतर एक खाते. दिवसभर एकेक करत राहिलं तर दातांना साखरेतून सुटका मिळत नाही, चिकट पदार्थाच्या बाबतीत तर नाहीच. खाऊन झाल्यावर चूळ भरा.

कॅरॅमल थंड असेल तर खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा. वडी आधी थोडी चिवट लागते, मग लोणी सुटतं, आणि भाजलेल्या साखरेची ती कडसर चव सर्वांत शेवटी येते. चावून लगेच गिळलीत तर ती लागणारच नाही.